रोज वीस शब्द आणि न वाचलेला उतारा



गेल्या सोमवारपासून या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत सुरू झालेली ‘आयईएलटीएससाठी रोज वीस शब्द’ ही चौकट आणि तिच्याच खाली छापलेली, दीडशे दिवसांत तीन हजार शब्द तोंडपाठ करून देण्याची हमी देणारी शिकवणीवर्गाची जाहिरात, ही दोन्ही एकाच गैरसमजुतीवर उभी आहेत. वीस गुणिले दीडशे हा हिशेब बिनचूक आहे. परंतु आयईएलटीएस या इंग्रजीच्या प्रावीण्य परीक्षेत, म्हणजे परदेशी विद्यापीठातील शिक्षण झेपेल इतके इंग्रजी उमेदवारास येते की नाही हे ठरविणाऱ्या परीक्षेत, पाठ केलेल्या शब्दांची मोजदाद कोणीही करीत नाही.

या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात वाचनासाठी ६० मिनिटे, ३ उतारे आणि ४० प्रश्न असतात, उताऱ्यांची एकूण लांबी २,१५० ते २,७५० शब्दांच्या दरम्यान असते आणि उत्तरे उतरवून काढण्यास वेगळा वेळ मिळत नाही. म्हणजे सातशे ते नऊशे शब्दांचा उतारा वाचून त्यावरील तेरा-चौदा प्रश्न वीस मिनिटांत सोडवावे लागतात. येथे निर्णायक ठरतो तो एकच आकडा, ९८ टक्के. हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांच्या २००० सालच्या संशोधनानुसार, कोशाची मदत न घेता मजकूर समजायचा असेल तर त्यातील साधारण ९८ टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. ज्यांच्यासमोर ८० टक्केच ओळखीचे शब्द होते त्यांच्यापैकी एकालाही मजकूर पुरेसा समजला नाही. नऊशे शब्दांच्या उताऱ्यास हे प्रमाण लावले तर ९८ टक्क्यांना अठरा शब्द अनोळखी राहतात, ९५ टक्क्यांना पंचेचाळीस आणि ९० टक्क्यांना नव्वद, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत एक ठेच. शाळेच्या गुणपत्रिकेवर ९० टक्क्यांचे पेढे वाटले जातात. वाचनात तेवढ्यावर उतारा कळत नाही.

हे ९८ टक्के गाठण्यास किती शब्द लागतात याचेही उत्तर नेशन यांनी २००६ मध्ये दिले असून, लिखित इंग्रजीसाठी ते आठ ते नऊ हजार शब्दकुले इतके आहे. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दाभोवतीचे सगळे गोत, जसे मराठीत लेख, लेखन, लेखक, लेखी. चौकटीतील तीन हजार शब्द या गणतीत कोठे बसतात हे पाहू गेल्यास निराशाच पदरी पडते, कारण पहिल्याच दिवशी ‘ऑबफस्केट’, ‘पर्निशस’, ‘इनेफेबल’ असे शब्द दिले गेले, जे जीआरई या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या जुन्या याद्यांतून उसने आणल्यासारखे दिसतात. उताऱ्यात खरोखरीच एखादी तांत्रिक संज्ञा आली तर परीक्षक तिचा अर्थ स्वतःहून खाली देतात. उमेदवार अडतो तो ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘सब्सिक्वेंट’, ‘व्हेअरॲज’ अशा मधल्या शब्दांवर, जे ना बाजारात बोलले जातात ना अर्थ विचारण्याइतके दुर्मीळ वाटतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशाच ५७० शब्दकुलांची यादी केली आणि ज्ञानविषयक मजकुरातील सुमारे १० टक्के शब्द त्या एवढ्याशा यादीत सामावतात असे दाखविले. यादीच छापायची असेल तर ही ५७० कुले रोज वीसप्रमाणे एका महिन्यात संपतात. उरलेले चार महिने कशासाठी?

अर्थात शब्द जाणीवपूर्वक पाठ करणे सर्वस्वी व्यर्थ आहे असे नेशनही म्हणत नाहीत. मात्र त्यांच्या मांडणीत अशा अभ्यासाचा वाटा एकूण वेळेच्या फार तर पाव आहे, आणि आपल्याकडील शिकवणीवर्गांनी त्या पावाचाच पूर्ण रुपया करून विकला आहे.

खरे दुखणे आणखी जुने आहे. शालान्त परीक्षेच्या इंग्रजीत उताऱ्यावरील प्रश्न सोडविण्याची सर्वमान्य युक्ती अशी की, प्रश्नातील एखादा ठळक शब्द उचलावा, तोच शब्द उताऱ्यात शोधावा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवावी. अर्थ कळला नाही तरी गुण मिळतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही हीच युक्ती अपेक्षित प्रश्नसंचांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आयईएलटीएसचे प्रश्नकर्ते नेमके याच्या उलट करतात: उताऱ्यातील विधान प्रश्नात वेगळ्या शब्दांत मांडतात आणि मूळ शब्दाशी मुद्दाम भलत्याच ठिकाणी गाठ पडेल असे पाहतात. विधान बरोबर, चूक की ‘माहिती दिलेली नाही’ हे ठरविण्याच्या प्रश्नात तर उताऱ्यात काय लिहिलेले नाही हेही वाचावे लागते. शब्दशोध्या विद्यार्थी तेथे हमखास फसतो, आणि मग पंधरा हजारांहून अधिक शुल्क भरून तीच परीक्षा पुन्हा देतो. शिकवणीवर्गांच्या दृष्टीने यात वाईट काहीच नाही.

उपाय नवा नाही. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने १९२० च्या दशकात ढाक्यात, बंगाली मुलांना शिकवीत असताना, मोजक्या शब्दांत लिहिलेली आणि पायरीपायरीने कठीण होत जाणारी वाचनपुस्तके तयार केली. सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ ची, म्हणजे पुस्तके आधी व यादी मागाहून. आजही अशा श्रेणीबद्ध मालिका मिळतात, ज्यांपैकी एकीची पहिली पायरी चारशे मूळ शब्दांची आणि सहावी अडीच हजारांची आहे. योग्य पायरी निवडल्यास त्यांत ९८ टक्क्यांची अट बहुतांशी पाळली जाते आणि नवा शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुनःपुन्हा भेटून ओळखीचा होतो; चौकटीतील शब्द मात्र एकदाच भेटतो. शेजारच्या ढाक्यात जन्मलेली पद्धत सोडून येथील मुलांना पाठांतरास बसवावे, यास काय म्हणावे?

परंतु ही पुस्तके मिळणार कोठे? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या, अ ते ड वर्गांत मोडणाऱ्या तालुक्याच्या ग्रंथालयांत आज मुले गर्दी करतात ती स्वतःची गाइडे घेऊन, बसायला टेबल आणि डोक्यावर पंखा मिळतो म्हणून; इंग्रजीच्या कपाटात जाडजूड कोश आणि कोणीतरी देणगी दिलेली जुनी पाठ्यपुस्तके असतात, आणि त्या कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असते, जे स्वतः तुटपुंज्या मानधनावर सकाळ-संध्याकाळ दार उघडतात. अनुदानाचे हप्ते रखडल्याच्या बातम्या याच दैनिकात आतल्या पानावर येतात.

तेव्हा संपादकांस विनंती एवढीच की, वीस शब्दांची ती चौकट बंद करावी आणि तेवढ्याच जागेत रोज दोनशे शब्दांचा सोप्या इंग्रजीतील एक सलग मजकूर छापावा, ज्यात अवघड शब्द चारांहून अधिक नसतील. खालची जाहिरात राहिली तरी चालेल.

— एक वाचक