भाव न विचारण्याचा छंद

आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या कार्तिकापासून तांब्याची एक तार ताणलेली आहे. पाण्याच्या टाकीपासून समुद्राकडील कठड्यापर्यंत सुमारे २० मीटर लांब. मधोमध प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यातून आमच्या खिडकीपर्यंत उतरणारी काळी केबल. जुहूच्या गच्च्यांवर डिशच्या थाळ्या, पाणी तापविणारी सौरयंत्रे, तुळशीच्या कुंड्या आणि उन्हाळ्यात पापडांची वाळवणे असे सारे सुखाने नांदते. या एका तारेवरून मात्र सोसायटीची सभा दोनदा तहकूब झाली.

“यातून मिळते काय?” हा सचिवांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. पेढीवर चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने, म्हणजे मी, तो नातवाला आधीच विचारून ठेवला होता. आणि त्याचे उत्तर ऐकून मी काही दिवस अस्वस्थ होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

नातू म्हणाला, “आजोबा, काही मिळवायचेच नाही, असा नियमच आहे.”

हौशी रेडिओ, ज्याच्या चालकांना जगभर हॅम म्हणतात, त्याचा परवाना सरकार देते ते याच अटीवर. या लहरींवर मालाचा भाव कळविता येत नाही, सौदा करता येत नाही, कोणाचा निरोप पोहोचवून त्याचा मोबदला घेता येत नाही. गुप्त भाषाही चालत नाही. संक्षेप असतात, परंतु ते साऱ्या जगाला ठाऊक असलेले. आमच्या वडिलांच्या काळी कापसाचे भाव तारेने कळवीत, तेव्हा बाजारातील दुसऱ्या कोणास उमगू नये म्हणून ‘मामाची प्रकृती उत्तम’ असे काहीतरी लिहीत. मामा कधी आजारी पडत, कधी बरे होत, आणि त्यांच्यामागे गाठी विकल्या जात. त्या घराण्यातील मुलाने असा छंद धरावा की ज्यात प्रत्येक शब्द उघड्यावर बोलायचा आणि पैशाचे नाव काढायचे नाही! मला तो पोरखेळ वाटला.

परीक्षा मात्र पोरखेळ नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. विद्युत आणि रेडिओ यांची मूलतत्त्वे व परवान्याचे नियम असे दोन विषय. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते. नातवाने पहिली श्रेणी घेतली आणि त्याला दिल्लीहून ‘व्हीयू३’ने आरंभ होणारे स्वतःचे संकेतनाम मिळाले. (एक सूचना येथेच देऊन ठेवतो. हातातले वॉकीटॉकी ऑनलाइन स्वस्तात दिसतात म्हणून मुलांना घेऊन देऊ नयेत. ते बाळगण्यासही परवाना लागतो. आधी परवाना, मग यंत्र. हा क्रम उलटला तर छंदाचा गुन्हा होतो.)

आता तारेविषयी. तिची लांबी मनास येईल तशी घेता येत नाही. नातू बोलतो त्या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी ४२ मीटरांच्या आसपास असते. अँटेना तिच्या निम्मी हवी, म्हणजे २१ मीटर. प्रत्यक्षात तार थोडी आखूडच जुळते, म्हणून २०. कापडाचा तागा मोजणाऱ्याला हे चटकन पटते. आधी हात राखून कापायची, मग मीटर लावून पाहत एकेक बोट कमी करायची. एकदा जास्त कापली गेली की जोड देणे आले.

४२ मीटर हा आकडा ऐकून मला काही आठवले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्टचे; जागा बदलत बदलत ते १२ नोव्हेंबरपर्यंत चालले, मग पोलीस आले. प्रक्षेपक जुळवून देणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओचालक होते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने बंद केले होते. त्यामुळे त्या वेळी असे यंत्र जुळवणे हाच गुन्हा होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. नातवाने पाटीवर गणित मांडले: ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज देशातील हौशी मंडळी सकाळी एकमेकांना हाका मारतात ती जागा याच पट्ट्यात येते. ज्या ठिकाणी बोलल्याबद्दल मुंबईच्या मुलीने तुरुंग पाहिला, तेथे माझा नातू कोल्हापूरच्या कोणा निवृत्त शिक्षकांना पावसाची चौकशी करतो. त्या दिवसापासून मी त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागलो.

यंत्राची कथाही ऐकण्यासारखी आहे. परदेशी संच घ्यावा तर त्या पैशांत चांगली स्कूटर येते. मी नकार दिला. तेव्हा त्याने हैदराबादचे अशर फरहान यांनी आखलेल्या ‘बिटएक्स’ संचाचा आराखडा समोर ठेवला. आपल्या देशात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बोलण्या-ऐकण्याचा संपूर्ण संच व्हावा, हा त्यामागचा हेतू. त्याच्या मूळ आराखड्यात तारेचे वेटोळे चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेले आहे! लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याला याहून गोड गोष्ट कोणती? वॉशर आमच्या दुकानातून गेले, बाकीचे लॅमिंग्टन रोडवरून आले. चार महिने घरात सोल्डरचा वास होता. पहिल्यांदा चालू केला तेव्हा संचातून आवाज आला तो एका चिनी नभोवाणी केंद्राचा, आणि तोही बटण कोठेही फिरवले तरी. दोष एका कच्च्या सांध्यात निघाला.

जुहूत या कामाला दोन शत्रू आहेत. पहिला समुद्र. खाऱ्या वाऱ्याने तांबे महिन्याभरात काळवंडते आणि सांध्यांवर हिरवा थर चढतो. पावसाळ्यात केबलच्या तोंडातून पाणी आत शिरले की बाहेरून सारे ठीक दिसते आणि संचाची निम्मी शक्ती केबलमध्येच गरम होऊन संपते. उपाय साधे आहेत: सांधा झाळून त्यावर रबरी पट्टी गुंडाळणे, आणि डबीपाशी केबलला खाली झुकणारा एक झोल देणे, म्हणजे पाणी त्या झोलावरून ठिबकून जाते.

दुसरा शत्रू खरखर. शहरात प्रत्येक अॅडॅप्टर, प्रत्येक एलईडी दिवा, लिफ्टची मोटर स्वतःचा थोडाथोडा गोंगाट हवेत सोडत असते. एका सायंकाळी खरखर इतकी वाढली की कोणाचाच आवाज ऐकू येईना. नातवाने छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावला आणि आम्ही दोघे तो कानाशी धरून जिने चढू-उतरू लागलो; जेथे खरखर वाढेल तेथे चोर. माझा संशय तिसऱ्या मजल्यावरील इन्व्हर्टरवर होता आणि तसे मी त्यांना दोन शब्द बोललोही. चोर सापडला आमच्याच दारावर: दिवाळीला लावलेल्या दिव्यांच्या तोरणाचा तो साठ रुपयांचा अॅडॅप्टर. तिसऱ्या मजल्यावर जाऊन क्षमा मागून आलो.

नातवाचा रोजमेळ पाहून मात्र माझी छाती भरून आली. तारीख, वेळ (जागतिक वेळेत, आपल्याहून साडेपाच तास मागे), मेगाहर्ट्झ, समोरच्याचे संकेतनाम, त्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोरदार याचे आकडे. एकही ओळ रिकामी नाही, खाडाखोड नाही. संभाषणानंतर दोन्ही बाजू एकमेकांस छापील पत्र धाडतात. त्याला आपल्या भाषेत पोचच म्हणावे. नावे-जमा नसलेली ही वही, परंतु लिहिण्याची शिस्त आमच्या मुनीमजींची.

आता सभेकडे येतो. कोणास वाटे तार वीज ओढून आणील, कोणास वाटे टीव्ही बिघडेल. शिवाय उंचीचा प्रश्न. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच धावपट्टीवर उतरले. (त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता, हे नातवाने मला मोठ्या दुःखाने सांगितले.) विमानतळाच्या शेजारी उंच खांब उभारण्याचे मनातही आणू नये. म्हणून तार गच्चीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवर आहे. गंमत अशी की तिचे ठेंगणेपणच उपयोगी पडते. इतकी खाली असलेली तार आपली शक्ती बहुतांशी सरळ वर पाठवते; ती वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शे-दोनशे ते पाच-सहाशे किलोमीटरांच्या परिसरात पावसासारखी खाली येते. अमेरिका दुर्मिळ, परंतु पुणे, औरंगाबाद, अहमदाबाद, राजकोट दिवसा हाकेच्या अंतरावर. जुहूपासून भुज सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक.

तिसऱ्या सभेत भुजचे नाव निघाले ते आमच्या मजल्यावरील कच्छी शेजाऱ्यांमुळे. सारी इमारत त्यांना बापा म्हणते. सभेत ते सहसा बोलत नाहीत. २००१ च्या २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा बापा मुंबईत आणि त्यांचे थोरले भाऊ भचाऊजवळच्या गावी. दूरध्वनी मुके झाले. दूरदर्शनवर भचाऊचे ढिगारे दिसत होते. त्या दिवसांत गुजरातेतून आणि बाहेरूनही हौशी रेडिओचालक आपापले संच व मोटारीच्या बॅटऱ्या घेऊन कच्छात गेले होते. चौथ्या दिवशी बापांच्या दुकानात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला, मुंबईतूनच. त्यांनी कागदावरून वाचावे तसे सांगितले: थोरले भाऊ सुखरूप, घर पडले, वहिनींचा पाय मोडला, साखरेच्या आजाराची औषधे पाठवा. बापांनी दोनदा वाचून घेतले. मग सवयीने विचारले, “आपले किती द्यायचे?” ते गृहस्थ म्हणाले, “घेता येत नाही, शेठ. नियम आहे.” आणि त्यांनी पुढचा निरोप द्यायचा आहे म्हणून फोन ठेवला. नाव राहूनच गेले.

बापा इतकेच बोलून खाली बसले. सचिवांनी चष्मा पुसला आणि अटी लिहून घेतल्या: जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार हवी, वादळाची सूचना आली की केबल काढून ठेवावी, कोणाचा टीव्ही बिघडल्यास रात्री आठनंतर संच बंद. आमच्या सौ.ची संमती पूर्वीच होती. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मुलगा दुकानातून निघून कोठे अडकला हे पहाटेपर्यंत कळले नव्हते; त्या रात्रीचा मुका फोन ती अजून विसरलेली नाही.

आता दर रविवारी सकाळी बापा चहा घेऊन आमच्याकडे येतात आणि माझ्या शेजारी खुर्चीवर बसतात. नातू हाक देतो, थांबतो, ऐकतो. पुन्हा हाक देतो. बापा हळूच विचारतात, “भुज लागले?” पुष्कळदा नुसतीच खरखर असते. गेल्या रविवारी भुज लागले नाही, जामनगर लागले. तेथील गृहस्थ आमच्या आवाजाला पाचपैकी चार देऊन गेले. बापांनी तेवढे रोजमेळात आपल्या हाताने लिहिले, गुजराती आकड्यांत.