टाके निघाले, आता वणाची काळजी

ऑपरेशन सुखरूप पार पडते, टाके निघतात, माणूस घरी येतो. मग एक दिवस आरशात नीट बघतो आणि प्रश्न सुरू होतो : हा वण जाणार का? घरात लग्नाची मुलगी असेल तर आईच्या मनात दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो : हिचे पुढे कसे होणार? मग कोणी हळद लावायला सांगते, कोणी लिंबू चोळायला, कोणी शेजारणीने वापरलेली ट्यूब आणून देते. मोबाइलवर तर महिन्याभरात वण गायब करणाऱ्या मलमांच्या जाहिरातींचा पूर आला आहे.

बंधू-भगिनींनो, म्हणून आज वणाविषयी सरळ बोलू. पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चीर कातडीच्या आतल्या थरापर्यंत गेली की वण राहतोच. कोणतेही मलम किंवा लेझरचे यंत्र तो साफ पुसून टाकत नाही. पण तो बारीक, सपाट आणि कातडीच्या रंगाजवळ जाणारा होईल की जाड, काळपट आणि खाजरा होईल, हे बरेचसे पहिल्या वर्षात ठरते. त्यातला मोठा भाग आपल्या घरात, आपल्या हातात असतो. त्याला पैसा थोडा लागतो, धीर मात्र भरपूर लागतो.

वण बनतो कसा?

चीर वरून साधारण दहा ते चौदा दिवसांत मिटते. आत मात्र काम नुकतेच सुरू झालेले असते. शरीर कोलॅजन नावाच्या धाग्यांनी ती फट भरत असते. आधी घाईघाईने, आडवेतिडवे धागे टाकले जातात. मग महिनोन्‌महिने जुने धागे काढून नवे नीट बसवले जातात. तीन आठवड्यांनी त्या जागेला मूळ कातडीच्या जेमतेम पाव हिस्सा ताकद असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते. पूर्वीइतकी ताकद पुन्हा कधीच येत नाही.

या घडामोडीमुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण लाल, टणक आणि थोडा उठावदार दिसतो. घरची माणसे घाबरतात ती याच वेळी, आणि पैसा वाया जातो तोही याच वेळी. खरे तर त्यानंतर वण आपोआप मऊ आणि फिका होऊ लागतो. हे काम बारा ते अठरा महिने चालते. तिसऱ्या महिन्यात महागडी ट्यूब लावली आणि नवव्या महिन्यात वण फिका झाला, की श्रेय ट्यूबला मिळते. काम शरीराने केलेले असते!

ऑपरेशनच्या आधी काय विचारावे?

व्हिएन्नाच्या कार्ल लँगर या शरीररचनातज्ज्ञाने १८६१ साली दाखवून दिले, की कातडीला ठरावीक दिशेने ताण असतो. त्या ताणाच्या रेषेत चीर घेतली तर वण बारीक राहतो, रेषेला आडवी घेतली तर रुंदावतो. सिझरसाठी ओटीपोटावर खाली आडवी चीर घेतात, ती जर्मन डॉक्टर फॅनेन्स्टील यांनी १९०० साली मांडलेली पद्धत आहे. ती कातडीच्या घडीत बसते, म्हणून उभ्या चिरेपेक्षा कमी दिसते. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे देशातले पहिले ऑपरेशन केले. तेव्हापासून पोटावरच्या वीतभर चिरेऐवजी तीन-चार लहान छिद्रांवर काम भागू लागले.

म्हणून ऑपरेशन ठरले की डॉक्टरांना संकोच न करता विचारा : चीर कुठे येईल? केवढी असेल? दुर्बिणीतून होण्यासारखे आहे का? घरात कोणाचा वण फुगत असेल, कान टोचल्यावर किंवा लस दिलेल्या जागी गाठ आली असेल, तर तेही आधीच सांगा. डॉक्टरांनी मोठीच चीर लागेल असे सांगितले तर मात्र ते ऐका. जीव वाचवायचा असतो तेव्हा चिरेची लांबी मोजत बसता येत नाही.

आणि एक गोष्ट विशेष कळकळीने. वणाच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नका. मुलीच्या हृदयाला मोठे भोक आहे, डॉक्टर ऑपरेशन सांगतात, आणि घरचे म्हणतात, छातीवर वण येईल, लग्नानंतर बघू. असा उशीर झाला तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो आणि पुढे ऑपरेशन करण्याची वेळच निघून जाते. काही प्रकारची भोके जांघेतून नळी घालून, छाती न उघडताही बंद करता येतात. आपल्या मुलीचे तसे आहे का, हे विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा उपचाराला मदत मिळते. अंगणवाडीत, शाळेत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

टाके असताना

टाके चेहऱ्यावर साधारण पाच दिवसांत, पोटावर सात ते दहा दिवसांत, हातपाय आणि सांध्यांवर दहा ते चौदा दिवसांत काढतात. सांगितलेल्या तारखेलाच जा. जास्त दिवस राहिलेले टाके स्वतःच्याच खुणा मागे ठेवतात.

या काळात जखम पिकली तर वण हमखास रुंद होतो. म्हणून ओल्या जखमेवर हळद, चुना, कॉफीची पूड, राख, टूथपेस्ट यांतले काहीही घालू नका. दुकानातली हळद जंतुविरहित नसते, आणि पिवळा रंग यावा म्हणून तिच्यात शिशाच्या रंगाची भेसळ झाल्याचेही आढळले आहे. जंतुनाशक औषध पाणी न घालता तसेच ओतू नका. त्याने नव्याने येणारी कातडी जळते. डॉक्टरांनी परवानगी दिली की साधा साबण आणि स्वच्छ पाणी पुरते. खपली नखाने काढू नका. ठणका वाढला, लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाचे जेवणच तोडतात. भाताने पू होतो, डाळीने टाके पिकतात, अंडे उष्ण पडते! पू होतो तो जंतूंमुळे, भातामुळे नव्हे. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, सुकट-बोंबील, जे घरात परवडते ते द्या. कोलॅजन तयार व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते आवळ्यात आणि पेरूत भरपूर असते. डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल तेवढेच पाळा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि आमच्या माता-भगिनींची मिश्रीसुद्धा बंद ठेवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचते.

टाके निघाल्यावर चार कामे

पहिले काम, ताण कमी ठेवणे. कच्चा वण ओढला गेला की रुंदावतो. औषधाच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते. ती वणावर लांबीच्या दिशेने लावावी, सैल झाली की बदलावी, आणि दोन-तीन महिने हे चालू ठेवावे. ती स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. खाज सुटली किंवा पुरळ आले तर बंद करावी. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड ओझे उचलू नये. यात हमालीची गोणी आली, तसा पाण्याचा हंडाही आला. सिझर झालेली सून तिसऱ्या आठवड्यात नळावरून हंडे आणते आणि घरातले पुरुष बघत बसतात, हे चित्र बदलले पाहिजे. तिचा हंडा तेवढे दिवस आपण उचलला तर वणाचे निम्मे औषध तिथेच झाले.

दुसरे काम, उन्हापासून जपणे. आपल्या सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जोमाने काम करतात, म्हणून उन्हाने नवा वण चटकन काळा पडतो आणि मग तो रंग लवकर जात नाही. निदान वर्षभर पदर, ओढणी, टोपी किंवा बाहीने वण झाका. चेहरा आणि मानेवरच्या वणाला एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन लावता येते.

तिसरे काम, मालीश. टाके निघून दोन-तीन आठवडे झाले आणि कुठेही ओल किंवा खपली नसली, की डॉक्टरांना विचारून सुरू करा. बोटाला थोडे व्हॅसलीन किंवा खोबरेल घ्या आणि वणावर हलका दाब देत गोल, उभे, आडवे फिरवा. एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. वण खालच्या भागाला चिकटू नये आणि मऊ राहावा, हा हेतू. गुण मालिशीचा आहे, तेलाच्या किमतीचा नाही.

चौथे काम, सिलिकॉन. वण जाड होईल असे वाटत असेल तर डॉक्टर बहुधा आधी हाच उपाय सांगतात. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातून बारा तासांहून अधिक वेळ, किंवा सिलिकॉन जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा, असे दोन-तीन महिने लावावे लागते. पट्टी धुऊन पुन्हा वापरता येते, त्यामुळे वाटते तेवढी महाग पडत नाही. चार दिवस लावून सोडून दिली तर मात्र पैसे गेलेच.

वण वाढतच राहिला तर

काही वण फुगतात पण चिरेच्या हद्दीतच राहतात. ते सहसा काळाबरोबर बसतात. दुसरा प्रकार केलॉइडचा. हा चिरेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो, खाजतो, दुखतो आणि आपोआप जात नाही. खेकड्याच्या नांगीसारखा पसरतो म्हणून अलिबर या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला हे नाव दिले. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या-काळ्या कातडीत तो जास्त आढळतो. दहा ते तीस वर्षांच्या वयात, आणि छातीचा मध्य, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबडा, कानाची पाळी या जागी जास्त होतो. काही घराण्यांत ही प्रवृत्ती असते. हा संसर्ग नव्हे, कॅन्सर नव्हे आणि कोणाची करणी तर मुळीच नव्हे.

केलॉइड नुसता कापून टाकला तर निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून दोरा बांधणाऱ्या, अ‍ॅसिड लावणाऱ्या किंवा डागणाऱ्या माणसाकडे जाऊ नका. डॉक्टर वणातच ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अनेक वेळा. ते दुखते, आणि कधी आजूबाजूची कातडी पांढुरकी किंवा पातळ होते. हे आधी समजून घ्यावे. कापायचेच असेल तर त्याला इंजेक्शनची किंवा किरणोपचाराची जोड लागते. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल या सरकारी व पालिका रुग्णालयांत कातडीच्या आजारांचे आणि प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. खाजगी दवाखान्याचे हजारो रुपयांचे पॅकेज घेण्यापूर्वी तिथे केस पेपर काढा.

फसू नका

व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून वणावर लावण्याने फायदा दिसलेला नाही. उलट अनेकांना पुरळ येते. लिंबू चोळून ऊन्हात गेले तर कातडी भाजते आणि डाग आणखी काळा होतो. स्टेरॉइड असलेली गोरेपणाची मलमे मनाने लावल्याने कातडी पातळ होते. अशी अनेक मलमे २०१८ साली सरकारने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली आहेत. आणि जो माणूस वण शंभर टक्के घालवण्याची गॅरंटी देतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरा.

वर्षभर हे सारे करूनही एक रेघ उरेल. ती लपवण्यासाठी मुलीला गळाबंद कपड्यांत कोंडू नका आणि सोयरीक जुळवताना खोटे बोलू नका. ऑपरेशन झाले, ती बरी झाली, असे उघड सांगा. जे घर त्या रेघेवरून मुलगी नाकारते, ते तिच्या आजारपणात तिला काय सांभाळणार?