दोष एकाच बाजूचा नाही



‘ॲस्पर्जर असलेल्यांना इतरांच्या भावनांचे सोयरसुतक नसते’, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन पटत नाही. नजर चुकवणे, उपरोध न कळणे, समोरच्याचा कंटाळा न ओळखता रेल्वेच्या वेळापत्रकावर तासभर बोलणे, ही लक्षणे लेखात बरोबर नोंदवली आहेत. पण चेहऱ्यावरचा भाव न ओळखणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुःखाने न हलणे वेगळे. कुणी रडत असताना गप्प उभा राहणारा मुलगा निष्ठुर असतोच असे नाही. काय करावे हे न उमगल्यानेही तो थिजतो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात ॲस्पर्जरचे निदान स्वमग्नतेतच (ऑटिझम) धरले जाते, म्हणून स्वमग्न व्यक्तींवरचे संशोधन इथेही लागू पडते. एडिंबरा येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट पुढे सांगायची होती. केवळ स्वमग्न प्रौढांच्या गटात ती इतरांच्या गटाइतकीच शाबूत पोचली. मिश्र गटात मात्र तपशील अधिक गळाले. म्हणजे अडचण दोन्हीकडची आहे.

मग स्वमग्न व्यक्तींना मदत नको का, असा आक्षेप येईल. मदत हवीच, आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. मात्र जुळवून घेण्याचा सगळा भार एकाच बाजूवर टाकणे अन्यायाचे आहे. शिक्षकांनी आणि वरिष्ठांनी ‘बघू नंतर’ म्हणण्याऐवजी नेमकी वेळ सांगावी, टोमण्याऐवजी स्पष्ट सूचना द्यावी. यात खर्च काहीच नाही.

– एक वाचक, नाशिक