हाफ इंजिन, फुल इंजिन

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. आमचे बाबा फोनवर मूळ मुद्द्याने कधीच सुरुवात करत नाहीत. आधी चिकूचा भाव, मग शेजारच्यांचा पाण्याचा पंप, मग आईचे गुडघे आणि शेवटी फोन ठेवता ठेवता, "गाडी जरा धूर सोडतेय रे."

गाडी म्हणजे २००३ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. नंबर अजून एमएच-०४, कारण तेव्हा आमचं बोईसर ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. या गाडीवर बाबांनी तारापूर एमआयडीसीतल्या तिन्ही पाळ्या केल्या, मला दहावीच्या परीक्षेला सोडलं, आणि आता निवृत्तीनंतर रोज सकाळी चिंचणीजवळच्या आमच्या एवढ्याशा वाडीत जातात. पंधरा वर्षं झाल्यावर २०१८ ला आणि मग पुन्हा २०२३ ला तिची नोंदणी वाढवून आणली. म्हणजे कागदोपत्री ती २०२८ पर्यंत ठणठणीत आहे. धुराला कागद कळत नाहीत, हा भाग वेगळा.

घरात लगेच तीन पक्ष पडले. मेहुणे म्हणाले, भंगारात द्या आणि इलेक्ट्रिक घ्या. बाबा म्हणाले, मामाकडे टाकतो. (मामा म्हणजे आमच्या नाक्यावरचे मेकॅनिक. अख्ख्या नाक्याचे मामा.) आणि अस्मादिक म्हणाले, "थांबा, इंजिन मी खोलतो."

आता हे असं का म्हणालो? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खाज असते. आठवडाभर आम्ही जे बनवतो ते हाताला लागत नाही, त्याला वास नसतो, वजन नसतं. शुक्रवारी रात्री विरारहून डहाणू लोकल पकडून घरी येताना वाटतं, काहीतरी खरं करावं, हात काळे व्हावेत. त्यात स्प्लेंडरचं इंजिन म्हणजे काय, ९७.२ सीसी, एक सिलिंडर, ५० मिलिमीटरचा बोअर. व्हिडिओत एक माणूस तासाभरात खोलून पुन्हा बसवतो. व्हिडिओतले बोल्ट मात्र नेहमी सुटतात हो! आमच्याकडे एका बाजूने समुद्राचा खारा वारा आणि दुसऱ्या बाजूने एमआयडीसीची हवा. इथे वीस वर्षं न उघडलेला बोल्ट पान्याला दाद देत नाही. जोर लावला की सायलेन्सरचा स्टड हेडमध्येच तुटून राहतो आणि मग त्या तुटक्या तुकड्याचं काय करायचं, हे व्हिडिओत नसतं.

असो. पण खोलायचं की नाही, याच्याही आधी एक पायरी आहे आणि ती आपण सगळेच चुकवतो. झालंय काय ते आधी शोधायचं. प्रोग्रॅम बंद पडला की नवखा पोरगा म्हणतो, सगळं पुन्हा लिहू. जुना माणूस म्हणतो, आधी लॉग बघ. इंजिनाचेही लॉग असतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तो फक्त सकाळी गाडी सुरू करताना भक्कन येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सील गेली आहेत आणि त्यासाठी ब्लॉक-पिस्टनला हात लावायचं कारण नाही. चढावर, ॲक्सिलरेटर पिळल्यावर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. त्याचीही खातरजमा करता येते. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारायच्या आणि आकडा लिहून ठेवायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेत, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. नाही गेला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. एवढं काम मात्र ज्याने त्याने घरी करावं, असं माझं ठाम मत आहे. ह्यात मोडण्यासारखं काही नाही आणि मेकॅनिकसमोर आपण निदान शहाण्यासारखं बोलू शकतो.

आमच्या गाडीचा आकडा वर गेला. म्हणजे इंजिन खोलणं आलं.

गॅरेजच्या भाषेत इंजिनाची कामं दोन. हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे वरचं काम: हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे खालची पेटी दोन भागांत फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं, गिअर सगळं बाहेर. "स्वतः करावं की मेकॅनिककडे द्यावं" हा प्रश्न लोक सरसकट विचारतात, पण ह्या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं असं की, "स्वतः" ह्या शब्दातच गोम आहे. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. झिजलेला बोअर मोठा करून त्यात मोठा पिस्टन बसवायचा, तो पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतो. हे बोअरिंग मामासुद्धा करत नाहीत. ते ब्लॉक पिशवीत घालून बोअरिंगवाल्याकडे पाठवतात. क्रँकचा रॉड बदलायचा तर प्रेस लागतो, तोही तिकडेच. म्हणजे मी "स्वतः" केलं असतं तरी सगळ्यात नाजूक काम परक्याच्याच हातून झालं असतं. माझ्या वाट्याला उरली असती ती खोलाखोल आणि जोडाजोड.

मग मेकॅनिकची मजुरी नेमकी कशाची? मला वाटायचं, पाने फिरवण्याची. हा गैरसमज २०१६ च्या मे महिन्यात दूर झाला.

तेव्हा माझी कॉलेजातली बाइक अशीच धूर ओकत होती आणि मी भर दुपारी ओट्यावर तिचं हाफ इंजिन काढलं होतं. हेड निघालं, ब्लॉक निघाला, शेजारची पोरं जमली, आईने सरबत दिलं. काय तो थाट! पिस्टन काढायचा तर त्याच्या पिनेच्या दोन्ही टोकांना नखाएवढी तारेची क्लिप असते. मी ती चिमट्याने ओढली आणि ती टिंग करून उडाली. कुठे उडाली? इंजिनाच्या उघड्या तोंडातून सरळ खाली, पेटीत. इथपर्यंतही ठीक होतं. पण मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करू नये तेच करतो. क्लिप वर येईल म्हणून मी किक फिरवली. खाली कर्रर्र असा आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. दोन तास लोहचुंबक दोऱ्याला बांधून मासे पकडतात तसा बसलो होतो. शेवटी टेम्पोत घालून गाडी मामांकडे. हाफ इंजिनचं फुल इंजिन झालं. पेटीला आतून ओरखडा गेला होता, पण निभावलं. ती फुटली असती तर अजूनच तमाशा, कारण इंजिन नंबर पेटीवरच कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात. पेटी बदलली की आरटीओची वारी आली.

मामा ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "फडकं कुठं होतं?"

फडकं! क्लिप काढण्याआधी इंजिनाच्या तोंडात एक फडकं कोंबायचं, बस्स. मी बारा व्हिडिओ पाहिले होते. त्यातल्या काहींत फडकं दिसतही असेल, पण ते कशासाठी आहे हे कळायला क्लिप आत पडावी लागते. माझी एक पडली. मामांच्या किती पडल्या असतील, त्यांच्या उस्तादाने किती कानफटात दिल्या असतील, त्या सगळ्याची ती मजुरी. आमच्या धंद्यात चूक झाली की कंट्रोल-झेड दाबतो, कालचा कोड परत आणतो. ओट्यावर कंट्रोल-झेड नसतं.

मग माणसाने स्वतः इंजिन खोलूच नये का? असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण आमच्याच किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, दांडी इथे स्वतः इंजिनात हात घालणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी विणली जातात आणि इंजिनं उघडली जातात. मोठ्या कामाला फिटर येतो, पण बोटीवरचा माणूस शेजारी उभा राहून सगळं बघतो. कारण ऑगस्टनंतर खोल समुद्रात डिझेलमध्ये हवा धरली की तिथे कुणाला फोन करणार?

आणि तारापूरचंच घ्या ना. अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेकडून आले, १९६९ मध्ये वीज द्यायला लागले. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली आणि तिकडून सुटे भाग, मदत मिळणं अवघड होऊन बसलं. मेकॅनिकनेच पाठ फिरवली म्हणा. मग आपल्या लोकांनी दुरुस्त्या स्वतः करायला शिकून घेतलं. बोटवाले काय आणि हे अभियंते काय, हौसेखातर शिकले नाहीत, गळ्याशी आलं म्हणून शिकले. माझ्या ओट्यापासून मामांचं गॅरेज चालत पाच मिनिटांवर आहे. माझ्या गळ्याशी काहीच आलेलं नव्हतं.

ह्या वेळी मला जे सुचलं नाही ते आईने सांगितलं. मी वहीत हिशेब मांडत होतो: गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, मॅग्नेट पुलर, गॅस्केट किट... आणि वेळ, शनिवार-रविवार धरून चार विकांत, पाऊस नडला तर सहा. आई म्हणाली, "आणि तोवर ह्यांनी वाडीत जायचं कसं?"

मी म्हटलं, रिक्षाने.

"रोज? ते नाही जायचे. घरी बसतील."

खरं होतं. निवृत्तीनंतर सकाळी सातला किक मारणं हे एकच काम बाबांनी नोकरीसारखं टिकवलंय. मी गाडीचे तुकडे करून सोमवारी मुंबईला गेलो असतो आणि बाबा दीड महिना ते पोत्यावर मांडलेले तुकडे बघत बसले असते. आणि बोलले काहीच नसते, हे जास्त वाईट. तेव्हा माझ्यापुरता निकाल असा की, गाडी कुणाच्या रोजच्या पोटापाण्याची किंवा पायांची असेल तर तिच्यावर आपली हौस भागवू नये. पडून असलेली जादा गाडी असेल तर खुशाल हाफ इंजिन काढावं, फडकं कोंबून. फुल इंजिन मात्र ज्याने कुणाच्या तरी हाताखाली निदान एकदा बांधलंय त्यानेच बांधावं.

हौशी मंडळींना ही संधीही फार दिवस राहणार नाही म्हणा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि स्प्लेंडरलासुद्धा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन लागलं. आता निम्मे दोष सेन्सरचे आणि आतल्या प्रोग्रॅमचे. मामा म्हणतात, "आता तूच ये गॅरेजात, तुझंच काम झालंय ते."

तर गाडी मामांकडे गेली, एका अटीवर: शनिवारी मी शेजारी बसणार. त्यांनी मला बसवलं आणि व्हॉल्व्ह घासायला दिले. पेस्ट लावून, रबरी दांडीने, तळव्यात रवीसारखे फिरवत. दोन तासांनी हात भरून आले तेव्हा म्हणाले, "अजून." काढलेलं काळं ऑइल गटारात न ओतता ते डब्यात साठवतात आणि विकतात, हेही तेव्हाच पाहिलं. घरी मी केलं असतं तर ते कुठे ओतलं असतं, देव जाणे.

ब्लॉक निघाल्यावर मामांनी पिस्टनचं डोकं पुसून माझ्यासमोर धरलं. काजळीखाली आकडा कोरलेला होता: ०.५०.

म्हणजे हा मूळ पिस्टन नव्हताच. हे इंजिन आधी एकदा बांधलं गेलं होतं. मी बाबांना विचारलं. ते पेपरात बघत म्हणाले, "तुझ्या शेवटच्या वर्षाला. फी भरायची होती, आणि गाडीने पण तेव्हाच मान टाकली. तुला सर्व्हिसिंग म्हणून सांगितलं असेल."

मजुरीत मी घासाघीस केली नाही. सुट्या भागांच्या निम्मीही नव्हती ती. गाडी पाचव्या दिवशी परत आली. मामांनी बजावून सांगितलंय, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, मग ऑइल बदलायला आणायची. बाबांनी मान डोलावली. गेल्या वीस वर्षांत ते चाळीसच्या वर गेलेले मी तरी पाहिले नाहीत.