दुकानाचा मार्का: काय घ्यावे, काय पारखावे

गडमुडशिंगीच्या शिवेला लागूनच गांधीनगरची घाऊक पेठ आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेल्या या पेठेशी ज्या घरांचा व्यवहार आहे, त्यांना एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. एकाच मागावरचे कापड तीन शिक्क्यांखाली तीन भावांनी विकले जाऊ शकते. शिक्क्यावरून मालाचा गुण कळत नाही. गुणाची हमी कोणी घेतली आहे, एवढेच कळते.

मात्र हीच मंडळी कोल्हापुरातील एखाद्या साखळी बाजारात महिन्याचा किराणा भरावयास जातात, तेव्हा कापडाच्या बाबतीतली पारख पुष्कळदा घरीच राहते. काही घरे दुकानाच्या स्वतःच्या मार्क्याला ‘हलका माल’ समजून हातच लावीत नाहीत. काही घरे भाव कमी दिसला की यादीतील प्रत्येक जिन्नस त्याच मार्क्याचा उचलतात. पहिल्या वागण्यात पैसा जातो आणि दुसऱ्यात कधी पैसा, तर कधी घरातील आहाराचा नियम जातो. म्हणून या मार्क्यांचा विचार जिन्नसवार करणे हिताचे आहे.

स्वस्ताई कोठून येते?

डी मार्टचा ‘प्रीमिया’, रिलायन्सचा ‘गुड लाइफ’ हे अशा मार्क्यांचे परिचित नमुने. या दुकानांच्या नावावर विकला जाणारा बहुतेक माल दुकान स्वतः बनवीत नाही. गिरणीवाला, मसालेवाला किंवा साबणाचा कारखानदार तो तयार करतो आणि दुकान त्यावर आपले नाव घालते. जाहिरातीचा खर्च नाही, वितरकाची साखळी आखूड, मांडणीवरची जागा घरचीच आणि खरेदी मोठ्या प्रमाणावर रोखीच्या शिस्तीने, ही त्या कमी भावाची कारणे होत. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवई येथे डी मार्टचे पहिले दालन उघडले, त्यामागचे गणित कोणत्याही घाऊक व्यापाऱ्यास नवे वाटणार नाही: नफा थोडा, उलाढाल जलद.

ही रीत कोल्हापूर जिल्ह्यालाही अपरिचित नाही. १९३९ मध्ये स्थापन झालेला शेतकरी सहकारी संघ किंवा वारणानगरचा वारणा बाजार यांच्या दुकानांतून माणसे माल घेत आली ती संस्थेच्या नावावर भरवसा ठेवून. गावातील वाणी डाळ निवडून कागदी पुडीत बांधून देत असे, तेव्हा त्या पुडीवर छापील नाव नसले तरी हमी त्याचीच होती. तेव्हा दुकानाचा मार्का म्हणून माल वाईट, असे मानण्यास आधार नाही. पाहावयाचे ते एवढेच की, त्या विशिष्ट जिनसाचा गुण घेणाऱ्याला स्वतः पारखता येतो की नाही. जेथे तो पारखता येतो, तेथे मार्क्याचे अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. जेथे तो झाकलेला राहतो, तेथे माल कोणी केला व कशाचा केला हे कळल्याखेरीज स्वस्ताईला भुलू नये.

निःशंक घ्यावे असे

अख्खी धान्ये व कडधान्ये या यादीत प्रथम येतात. तूरडाळ, मूग, मटकी, हरभरा यांची पाकिटे पारदर्शक असतात. दाण्याचा आकार, तुटीचे प्रमाण, कीड, रंगाची कृत्रिम चमक हे सारे डोळ्यांना दिसते. साखर हा एकाच पदार्थाचा जिन्नस आहे आणि दाण्याचा आकार पाहून तो घेता येतो. मिठात फरक थोडा आणि बचतही थोडी. आयोडीनयुक्त असल्याचा उल्लेख पाहिला म्हणजे पुरे.

जिरे, मोहरी, धने, मिरी, लवंग हे अख्खे मसालेही दुकानाच्या मार्क्याचे घेण्यास हरकत नसते. सुक्या मेव्यात तर बचत सर्वांत मोठी. पर्युषणानंतरच्या पारण्यासाठी किंवा दिवाळीच्या भेटींसाठी काजू-बदाम किलोने लागतात. काजूच्या प्रतीतील २४० किंवा ३२० हा आकडा एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतो. आकडा जितका लहान तितका गर मोठा. आजरा-चंदगडच्या काजूवर वाढलेल्या जिल्ह्यात हे बहुतेकांना माहीत असते, पण साखळी बाजारातील पाकिटावर ती प्रत नेहमी छापलेली नसते. ती नसेल तर पाकीट उजेडात धरून तुकडा व पाकळी किती आहे ते पाहावे. घरी शिरा किंवा बर्फीच करावयाची असेल, तर तुकडा मुद्दाम स्वस्तात घेणेही शहाणपणाचे.

घरसफाईच्या वस्तूंत नावाचे पैसे मोजणे बहुधा व्यर्थ असते. फरशी पुसण्याचे द्रव, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, कागदी रुमाल, पुसणी यांचा गुण एका महिन्याच्या वापरात कळतो आणि चूक झाली तरी ती पोटात जात नाही. अंगाच्या साबणाबाबत मात्र वेष्टणावरील टीएफएम म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचा आकडा पाहावा. भारतीय मानकांप्रमाणे ७६ टक्के वा अधिक असेल तो पहिल्या प्रतीचा साबण. स्निग्ध पदार्थ वनस्पतिजन्य असल्याचा उल्लेख असेल तोच साबण जैन घराने घ्यावा, हे वेगळे सांगावयास नको.

विचार करून घ्यावे असे

पदार्थ दळला, कुटला किंवा मिसळला गेला की डोळ्यांची पारख संपते. हळद याचे उत्तम उदाहरण. सांगलीची हळकुंडे पाहून घेता येतात. पिवळ्या पुडीत काय आहे ते दिसत नाही. मिरचीचेही तसेच. कोल्हापूरच्या घरांत संकेश्वरी व ब्याडगी मिरची आणून ती डंकावर कुटून घेण्याची चाल आहे. कांदा-लसणाशिवाय चटणी करणाऱ्या कुटुंबाला तर त्याहून खात्रीचा मार्ग नाही. बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळले तर ते नजरेला कळत नाही. पण हरभऱ्याची डाळ दुकानाच्या मार्क्याची स्वस्तात आणून गिरणीतून दळून घेतली, तर बचतही होते आणि खात्रीही राहते.

तयार पिठाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा परंपरेने हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात. श्वेतांबर परंपरेतही ऋतूप्रमाणे काळमर्यादा आहे. पाकिटातले पीठ दळल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंतच ही मुदत अनेकदा उलटून गेलेली असते, मग ते नामांकित कंपनीचे असो की दुकानाच्या मार्क्याचे. मर्यादा पाळणाऱ्या घराने गहू घ्यावा आणि गिरणीशी नाते ठेवावे.

तेलाच्या पिशवीवर लिटर व ग्रॅम हे दोन्ही आकडे वाचावेत. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवी तेवढीच दिसत असूनही आत ८५० ग्रॅम असेल, तर कमी किंमत ही केवळ दिसण्यापुरती. ‘मिश्र खाद्य वनस्पती तेल’ असे शब्द असतील तर ते शुद्ध शेंगतेल नव्हे. तुपाच्या बाबतीत तर स्वस्त मार्क्याचा मोह टाळावा. भेसळ डोळ्यांना दिसत नाही आणि दुधाचा उगम माहीत असलेला सहकारी संघ हाकेच्या अंतरावर आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’च्या दूध संघाचे नाव गडमुडशिंगीत कोणाला सांगावे लागत नाही.

गुळाची कथा कोल्हापूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही गुळाची पेठ म्हणून नावारूपाला आली आणि कोल्हापुरी गुळाला आज भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाला भाव असल्यामुळे बाहेरचा गूळही कोल्हापुरी म्हणून विकला जातो, ही येथील उत्पादकांची व अडत्यांची जुनी तक्रार आहे. अतिशय पिवळाधमक व चकचकीत गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो आणि साखर मिसळलेला गूळ जिभेला लगेच ओळखू येत नाही. गुऱ्हाळाच्या इतक्या जवळ राहून दूरच्या गोदामातील पाकीटबंद गूळ आणण्यात अर्थ नाही.

हिरवा ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही

जैन घरांत वेष्टणावरील हिरवा ठिपका पाहिला की समाधान मानण्याची सवय जडली आहे. कायद्यातील मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध व दुधाचे पदार्थ यांबरोबरच मध, मधमाश्यांचे मेण आणि लाखही वगळलेली आहेत. म्हणजे हे घटक असूनही ठिपका हिरवाच राहतो. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरचा थर ९०४ या क्रमांकाचा असेल तर ती लाख होय आणि ९०१ म्हणजे मधमाश्यांचे मेण. ४७१ या क्रमांकाचा स्निग्धांश वनस्पतीपासूनही मिळतो व प्राण्यापासूनही; तेथे मात्र ठिपक्याचा आधार घेता येतो.

कांदा, लसूण, बटाटा यांविषयी तर ठिपका काहीच बोलत नाही. शिवाय घटकांच्या यादीत ‘मसाले’ किंवा ‘स्टार्च’ असे वर्गवाचक शब्द छापण्यास नियमांत मुभा आहे. ‘मसाले’ या शब्दामागे लसणाची पूड आणि ‘स्टार्च’ या शब्दामागे बटाटा किंवा साबुदाण्याचा कंद असू शकतो. फरसाण, सूप, शेव, तयार भाजीचे मसाले, बिस्किटे या वस्तूंत ही अडचण सर्वाधिक. ‘जैन’ हा छापील शब्द उत्पादकाचे स्वतःचे निवेदन असते. हिरव्या ठिपक्यासारखी त्यासाठी सरकारने बंधनकारक केलेली खूण नाही. दुकानाच्या मार्क्यावर ग्राहकसेवेचा क्रमांक छापलेला असतोच. घटकाविषयी स्पष्ट विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत तो जिन्नस यादीबाहेर ठेवावा.

याच वेष्टणावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. दुकानाच्या नावाखालील माल प्रत्यक्ष कोणी केला, याचा माग या क्रमांकावरून काढता येतो. नामांकित कंपनीच्या व दुकानाच्या पाकिटावर उत्पादकाचा क्रमांक एकच आढळला, तर दोन्ही एकाच कारखान्यातून आले असे समजावे. मात्र कारखाना एक म्हणून प्रतही एक, असे नव्हे. मागणारा जशी प्रत मागतो तशी करणारा करून देतो. म्हणून घटकांची यादी शेजारी धरून वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. बदामाच्या मिठाईत साखर पहिली आणि बदाम पाचवा असेल, तर ती मिठाई साखरेची आहे.

हिशेब वहीत, निर्णय घरात

भावाची तुलना नेहमी किलोवर किंवा लिटरवर करावी. उदाहरणादाखल, ९०० ग्रॅमची डाळ १२६ रुपयांस आणि एक किलोची १३८ रुपयांस असेल, तर पहिली किलोला १४० रुपये पडते, म्हणजे महाग. बहुतेक पाकिटांवर एकक विक्री मूल्य आता छापलेले असते. ते अक्षर बारीक असले तरी वाचावे. शहरापर्यंतच्या फेरीचा खर्च आणि तेथे यादीबाहेर घेतलेल्या वस्तू हाही त्या बचतीतून वजा होणारा भाग आहे. नवा मार्का प्रथम लहान पाकिटातच घ्यावा. महिन्याच्या वहीत जिन्नस, मार्का, किलोचा भाव आणि घरातील अभिप्राय अशी एक ओळ लिहिली, तर सहा महिन्यांत त्या कुटुंबाची स्वतःची खात्रीची यादी तयार होते.

या विषयाची दुसरी बाजू विक्रेत्याची आहे, कारण या मासिकाच्या अनेक घरांचे उत्पन्न किराण्याच्या गल्ल्यावर चालते. साखळी बाजाराच्या भावाशी लहान दुकानाला स्पर्धा करता येत नाही; पण ज्या ठिकाणी साखळी बाजाराचा मार्का अपुरा पडतो, त्याच ठिकाणी गावातील दुकानदार भक्कम उभा राहू शकतो. ताजे दळलेले पीठ, कंदमुळाविना मसाला, नाव घेऊन सांगता येईल अशा गुऱ्हाळाचा गूळ, या वस्तू तो स्वतःच्या मार्क्याने, रीतसर नोंदणी करून, घटकांची नावे वर्गवाचक शब्दांत न दडवता विकू शकतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत मापात कमीजास्त करणे आणि चांगल्यात हलके मिसळून विकणे हे दोन्ही गणले आहेत. अन्नाच्या पाकिटाबाबत ग्राहकाला आज नेमकी हीच दोन भये वाटतात. ज्या दुकानदाराच्या वजनाविषयी व निवडीविषयी गावाला शंका नाही, त्याच्याकडे किलोमागे चार रुपये अधिक देऊन पीठ-मसाला घेणारे घर आणि डाळ-साखर साखळी बाजारातून भरणारे घर एकच असू शकते, आणि त्याच्या वहीचा हिशेबही नीट जुळतो.