‘एनसी’ची चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

माळीवाडा स्टँडवर बसमध्ये चढताना धक्का लागतो. अनोळखी माणूस शिवी देतो, तुम्ही उलट बोलता आणि तो कानाखाली वाजवतो. तावातावाने तुम्ही पोलिस स्टेशन गाठता, एक कागद घेऊन बाहेर येता आणि मित्रांना सांगता, ‘केस टाकली!’

थांबा, केस झालेलीच नाही. तो कागद बहुतेक वेळा ‘एनसी’चा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा असतो.

१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे नंबर बदलले, पण ही गोम तशीच राहिली. साधी मारहाण (न्याय संहिता, कलम ११५) आणि भांडण पेटावं म्हणून केलेला अपमान (कलम ३५२) आजही अदखलपात्र आहेत. पहिल्याला एक, तर दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. म्हणजे एनसीनंतर पुढचं पाऊल तुम्हालाच टाकावं लागतं: मॅजिस्ट्रेटकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज (सुरक्षा संहिता, कलम १७४) किंवा थेट खासगी तक्रार (कलम २२३). साध्या मारहाणीसाठी मुदत एक वर्षाची. ती गेली की चिठ्ठी फक्त चिठ्ठी उरते.

मग एफआयआर कधी? हाड मोडलं, दात पडला, हत्यार वापरलं, वाट अडवून धरली, मोबाइल हिसकावला किंवा मुलीची छेड काढली, तर तो दखलपात्र गुन्हा आहे. घटनेत असा एक जरी गुन्हा असेल, तर कायदा सगळं प्रकरणच दखलपात्र धरतो. म्हणून ‘त्याने मारलं’ एवढंच सांगून थांबू नका. आधी काय झालं, कोणी अडवलं, हातात काय होतं, काय बोलले, सगळं क्रमाने सांगा. पण जे घडलंच नाही ते घालू नका. खोटी फिर्याद हासुद्धा गुन्हा आहे.

तपशिलाचं वजन किती असतं हे आपल्याच जिल्ह्यात दिसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटं टांगून मारलं गेलं. व्हिडिओ पसरला आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा दाखल झाला. अशा घटनेला नुसती ‘मारहाण’ म्हणणं म्हणजे निम्मं सत्य गाळणं. डांबून ठेवणं, जातीवरून चारचौघांत अपमान करणं, हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

दखलपात्र गुन्हा कुठल्याही पोलिस स्टेशनला नोंदवता येतो. हद्दीचं कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलं नाही तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार, आणि तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट.

पुरावा मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला मेडिकल करून घ्या. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जाऊ शकतं. पोलिसांना लगेच लेखी कळवा. पाहणाऱ्याचा नंबर घ्या. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. आणि प्रसंग चालू असतानाच ११२ लावा.

उलट हात उचलायचा का? बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. तो पळाल्यावर चार पोरं घेऊन गाठलंत, तर तो बचाव राहत नाही. मग समोरूनही तक्रार येते आणि पोलिस भरतीच्या व्हेरिफिकेशनमध्ये आरोपी म्हणून तुमचं नाव निघू शकतं. फिर्यादी असणं हा मात्र डाग नाही. ‘करिअर खराब होईल, मिटवून टाक’ असं सांगणारे बहुतेकदा हे दोन्ही एकच समजतात.

मिटवायला कायद्याची आडकाठी नाही. साधी मारहाण आणि अपमान या दोन्हींत तडजोड चालते. पण ती करायची की नाही, हे ज्याला लागलं त्याने ठरवायचं, ठाण्यात जमलेल्या ओळखीपाळखीच्यांनी नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.