खुंटी-दोरीची भूमिती

गणिती भास्कराचार्यांचे गाव विज्जडवीड म्हणजे आपले बीडच, असे सांगणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ते गाव दुसरेच, असे म्हणणारेही आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. पण भास्कराचार्य आमचे म्हणायचे, तर त्यांची भूमिती आमच्या पोरांच्या हाती यायला नको का? तिचा वर्ग भरवायला बीड शहरात कुंडाच्या मधोमध जागा तयार आहे: कंकालेश्वराचे देऊळ.

या देवळात लोक दर्शन घेतात, मूर्ती पाहतात, फोटो काढतात. जरा बाहेरच्या भिंतीच्या कडेने चालून पाहावे. भिंत सरळ जातच नाही. कोपरा बाहेर, खाच आत, पुन्हा कोपरा. पायथ्याच्या थरात सुटलेला कोपरा वरच्या थरांतूनही ओळंब्यात चढत जातो. ऊन कलले की त्या काळ्या दगडावर उजेड-सावलीच्या उभ्या पट्ट्या पडतात. हे देखणेपण मूर्तिकाराने छिन्नी उचलण्याआधी, जमिनीवर आखणी करणाऱ्याने ठरवलेले असते.

भिंतीची अशी तारकाकृती आखायची सोपी रीत कोणालाही जमेल. मधोमध खुंटी ठोकायची, दोरीने वर्तुळ काढायचे, त्यात चौरस बसवायचा. तोच चौरस केंद्राभोवती 45 अंशांनी फिरवला की आठ टोकांची चांदणी होते. साडेबावीस-साडेबावीस अंशांनी फिरवत चार चौरस काढले की सोळा टोकांची.

आता 1150 सालची ‘लीलावती’ उघडा. वर्तुळाचा व्यास 1,20,000 धरला तर आतल्या सम बहुभुजांची बाजू किती, याचे आकडे भास्कराचार्यांनी त्रिकोणापासून नवकोनापर्यंत दिले आहेत. अष्टकोनाला 45,922. आपल्या आठ टोकांच्या चांदणीतली शेजारची दोन टोके जोडली की हेच अंतर. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन, अष्टकोन यांचे आकडे आजच्या कॅल्क्युलेटरशी तंतोतंत जुळतात. चुकतात फक्त सप्तकोन आणि नवकोन, तेही अवघ्या अकरांनी. आणि गंमत अशी, की खुंटी-दोरीने अचूक काढता न येणारे त्या यादीतले बहुभुजही नेमके हे दोनच! असे का, याचा पुरावा वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये दिला. आखणाऱ्याची दोरी जिथे अडते, तिथेच गणितीचा आकडाही किंचित सरकतो. चित्र आणि गणित यांचे नाते याहून स्पष्ट कसे दाखवायचे?

शाळेत मात्र दोघांचे तास वेगळे, सर वेगळे. शासकीय रेखाकला परीक्षेत कर्तव्यभूमिती आहे. दहावीच्या गणित भाग दोनमध्ये भौमितिक रचना आहे. कंपास तीच, कोन तेच. तरी एकीकडे ते सवलतीच्या गुणांसाठी घोटायचे आणि दुसरीकडे हमखास गुणांसाठी पाठ करायचे. आकृती सुंदर आली म्हणून गणिताचे सर खूश होत नाहीत आणि ती का जमते हे ड्रॉइंगचे सर विचारत नाहीत. तीन-चार-पाच फुटांवर खुणा करून काटकोन काढणारा आणि मग फक्की मारणारा गवंडी या दोघांपेक्षा भास्कराचार्यांच्या जवळचा ठरतो.

तेव्हा भास्कराचार्यांवरची भाषणे थोडी कमी करावीत. दोन्ही विषयांच्या सरांनी मिळून नववी-दहावीची पोरे कंकालेश्वराच्या भिंतीपाशी न्यावीत, कोपरे मोजायला लावावेत, आणि परतल्यावर शाळेच्या मैदानात खुंटी-दोरी देऊन चांदणी आखून घ्यावी. त्या एका आखणीचे गुण चित्रकलेतही धरावेत आणि गणितातही.